पैलवानाचं नाव उकंडा

तेल्हाऱ्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत पैलवानांना नावं द्यायचं काम माझ्याकडे. वऱ्हाड नुकतंच मध्यप्रांताला जोडलं होतं आणि मी अकोल्याहून इथे शाळामास्तर म्हणून आलो होतो. घरच्या नावानं आखाड्यात उतरणं पैलवानांना कमीपणाचं वाटे. नाव असं हवं की पुकारताच समोरच्याच्या पोटात गोळा यावा. कोणाला मी गजमर्दन केलं, कोणाला काळभैरव. गजमर्दन पहिल्याच कुस्तीत आपटला, तो भाग वेगळा.

त्या वर्षी हिवरखेडहून माळ्याचा एक पोरगा आला. वांग्यांनी भरलेलं पोतं त्यानं उशीसारखं काखेत धरलं होतं. मी नाव विचारलं.

"उकंडा."

शेणकचऱ्याच्या ढिगाला इकडे उकंडा म्हणतात. दंगल भरवणारे कापसाचे अडते खुशालराव यांनी कपाळावर हात मारला. "मास्तर, बऱ्हाणपूरच्या शेर-ए-निमाडसमोर उकंडा उभा करू काय? लोकं हासतीन! नाव बदला, नायतं मी कुस्तीले जोड देत नाही."

मी तिथल्या तिथे 'वज्रबाहू' देऊन टाकलं. पोराला ते आवडलंही. ओठातल्या ओठात त्यानं म्हणून पाहिलं. पण त्याची आई पार्बताबाई डोक्यावरची टोपली टाकून माझ्या अंगावर आली.

"मास्तर, ते नाव नोका देऊ!"

"का हो बाई?"

"याच्या आंधीची माही सारी लेकरं गेली. कोणाचं नाव राजा, कोणाचं हिरा. मंग याले जलमल्याबरोबर सुपात घालून उकंड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणलं. मौत दारात आली असन तं म्हणली असन, कचऱ्याले काय हात लावाचा! मोठं नाव आयकलं का मौत वळून पायते."

मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस, हसणारच होतो. पण बाई गेलेली लेकरं बोटांवर मोजत होती, म्हणून हसलो नाही.

दंगलीच्या दिवशी खुशालरावांच्या हुकमाप्रमाणे मी पुकारलं, "वज्रबाहू!" पोरगा उठेना. पुन्हा पुकारलं. तिकडे शेर-ए-निमाड मांड्या थोपटत होता, लोक शिट्ट्या मारत होते. शेवटी पोरगा माझ्याजवळ आला.

"मास्तर, ज्या नावानं मायनं मले जगवलं, तेच पुकारा. नायतं मी घरी चाललो."

खुशालरावांकडे न बघता मी ते पुकारलं. अख्खा बाजार पोट धरून हसला.

शेरानं त्याला लगेच खाली घेतलं आणि मानेवर गुडघा रोवला. पोरगा कितीतरी वेळ मातीला चिकटून पडला होता. मग हळूहळू, पाठीवरच्या शेरासकट, तो उभा राहिला. एवढा मोठा पैलवान त्याच्या पाठीवर हातपाय झाडत होता. मला तर हात जोडावेसे वाटले. पुढच्या क्षणी शेर चारी मुंड्या चीत.

हसणाऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. मग एकदम गर्जना उठली, "उकंडा! उकंडा!" तहसीलदारसाहेबसुद्धा खुर्चीवरून उठले. मी शोधून शोधून दिलेल्या एकाही नावाला असा आवाज कधी मिळाला नव्हता.

पार्बताबाई मात्र धावत आखाड्यात शिरली आणि त्या धिप्पाड पोराला पदराखाली घेऊ लागली. "चूप बसा रे! मौतीनं आयकलं असन! आता कुठी लपवू याले?"

ज्या नावामागे तिनं पोराला इतकी वर्षं दडवलं, तेच नाव आता हजार गळ्यांत होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक हडकुळी बाई पुढे आली. पदरात तान्हं मूल होतं. "बाई, माही पयली दोन गेली. याचं नाव अजून ठेवलं नाही. तुमच्या पोराचं देऊ काय?" तिच्यामागे आणखी एक उभी होती, तिच्याही कडेवर मूल.

पार्बताबाईनं एका तान्ह्याकडून दुसऱ्याकडे, मग आपल्या पोराकडे पाहिलं. मग तिनं डोळे पुसले, ते तान्हं घेतलं, आपल्या पोराच्या मातीनं माखलेल्या हातांवर ठेवलं आणि वाकून तान्ह्याच्या कानात नाव सांगितलं.

"द्या वो बायांनो," ती म्हणाली, "साऱ्या जनी हेच नाव द्या. घरोघरी उकंडे होऊ द्या. येईन ते मौत, अन् इचारत बसन, यातला कोनता म्हून."