भरलेला कप सोडून कुणी उठत नाही

मित्रांनो, मी एक जुनी कॉफीची किटली आहे आणि आज मला धीर निघत नाही, म्हणून माझी गोष्ट जरा उकळतच सांगते.

फिनलंडमधल्या एका कारखान्यात मी जन्मले. रंग निळा, चोच किंचित वाकडी. तपासनीस म्हणाला, "बरी आहे." आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं. चर्चच्या तळघरात मी चाळीस वर्षं लग्नं आणि मयतं सांभाळली. मग विजेचं यंत्र आलं आणि मी कपाटात गेले.

पुढे तळघरात स्मृतिभ्रंश झालेल्यांचा क्लब निघाला. तिथे येणाऱ्या इंपीआजींना यंत्राची बटणं आठवेनात, पण मला धरलं की त्यांचे हात आपोआप चालत. म्हणून मी परत कामावर. क्लब फक्त मंगळवारी, तीन तास. तेवढ्यात आजींचे यजमान ताइस्तो केस कापून येत. त्यांना गुडघा बदलायचा होता, पण तीन तासांत गुडघा बदलून मिळत नाही. रात्री त्यांची बहीण येणार होती, दिवसा आजींजवळ कोण?

नगरपालिकेने पैसे दिले तर क्लब आठवड्यातून पाच दिवस, दिवसभर चालणार होता. ठरवायला सात सदस्य तळघरात आले. सभापती रायमो सगळ्याच विषयांवर एकच निर्णय घेत. ते म्हणालेच, "हिवाळ्यानंतर बघू," आणि उठू लागले.

आजींनी त्यांचा कप भरला. "घ्या ना. तुम्ही काहीच घेतलं नाहीत."

"आत्ताच घेतली, इंपीबाई."

"कुठे? मी आत्ताच तर आले."

भरलेला कप सोडून आमच्याकडे कुणी उठत नाही. रायमो बसले. कप संपला, उठले, आजी पुन्हा आल्या. सातही जणांचं तेच. मी तर आनंदाने खदखदत होते.

"बस की निवांत," ताइस्तो म्हणाले. "हिवाळ्याला अजून चार महिने आहेत."

सहाव्या कपाला रायमो पाय आवळून म्हणाले, "मतदान घ्या. लगेच."

सात हात वर झाले. भाषण कुणी केलं नाही, सगळे शौचालयाकडे धावले.

आता मी पाचही दिवस कामावर असते. ताइस्तो नव्या गुडघ्याने जिना उतरतात. आजी विचारतात, "गुडघा कसा आहे?" ते सांगतात, "बरा आहे." दहा मिनिटांत हे पाचदा होतं. पाचव्यांदाही ते पहिल्यांदा विचारल्यासारखंच सांगतात.

मित्रांनो, तुम्हीही तसंच सांगा. आणि महिन्यातून एकदा माझ्या पोटातला क्षार काढा. पाच दिवसांचं काम आहे आता.