मशीन बिघडलीय, असं ती म्हणाली

मित्रांनो, मी शिलाईची मशीन. पायानं चालणारी, काळ्या अंगाची, आणि वयानं तुमच्या आईएवढी तरी नक्कीच. माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आता निम्मी पुसली आहे, पण टाका अजून सरळ पडतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण मागच्या उन्हाळ्यात माझ्यावर जो आळ आला, तो या टाक्यावरूनच आला. आणि तो घेतला कुणी, तर जिला मी ती रांगत होती तेव्हापासून ओळखते तिनंच. म्हणून माझी कहाणी सांगताना माझा सूर थोडा कडू लागला तर समजून घ्या.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. बसवकल्याणच्या एका दुकानात सहा महिने काचेआड उभी होते, ते मात्र आठवतं. मग चिंताकीचे गुरप्पा आले. त्यांनी माझं चाक एकदा हातानं फिरवलं, कान लावून आवाज ऐकला आणि बायकोसाठी मला बसच्या टपावर घालून गावी नेलं. त्यांची बायको यल्लम्मा. तिनं माझ्यावर अर्ध्या गावाची परकर-पोलकी शिवली. तिची मुलगी नेत्रावती माझ्या पायडलवर बसून झोके घ्यायची आणि मार खायची. आठ वर्षांची झाली तेव्हा ती डोळे मिटून माझ्या सुईत दोरा ओवून दाखवायची. पाहुणे आले की हा खेळ ठरलेला. तेव्हा मला वाटायचं, ही पोर आपलीच.

लग्न होऊन ती निर्ण्याला सासरी निघाली तेव्हा यल्लम्मानं मलाही तिच्याबरोबर धाडलं. निर्ण्याच्या घरी ओसरीत, खिडकीच्या उजेडात मला जागा मिळाली. घरात माणसं मोजकी. नेत्रावतीचा नवरा किरणकुमार शेती बघायचा. सासू अक्कम्मा बोलायला फटकळ, रागावली की मराठी सोडून कन्नडात शिरायची. नणंद पल्लवी तेव्हा शाळेत जात होती. तिचे शाळेचे ड्रेस मीच शिवले. दर खंडेनवमीला मला हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची आणि त्या दिवशी मला कुणी हात लावायचं नाही. आमच्या सुनेची मशीन म्हणजे सोनं, असं अक्कम्मा आल्यागेल्याला सांगायची. खोटं कशाला बोलू, मी फुगून जात असे.

मग मागच्या एप्रिलात पल्लवीचं लग्न ठरलं. घरच्या बायकांची अठरा ब्लाउजं शिवायची होती. नेत्रावती अस्तर आणायला हुमनाबादला गेली आणि येताना टमटममध्ये मागच्या बाकावर बसली. चालकाला गतिरोधक दिसला नाही. ती जागेवरून उडाली आणि डोकं टपाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. रक्त आलं नाही. साधं टेंगूळसुद्धा केसांत लपून गेलं. घरी आली, ओकली, आणि तशीच आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी किरणकुमारनं तिला बीदरच्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो निघाला. फोटोत काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की मेंदूला मुका मार बसला आहे, वरून काही दिसणार नाही. पण थकवा येईल, गुंगी येईल, उजेड आणि आवाज सोसणार नाही. काही आठवडे आराम हवा. मग काम थोडं थोडं वाढवायचं आणि थकायच्या आधीच थांबायचं. हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. तो कागद माझ्याच खणात, कात्रीखाली येऊन पडला. घरानं त्यातलं एकच वाक्य उचललं : फोटोत काही नाही.

नेत्रावती चार दिवस झोपली आणि पाचव्या दिवशी माझ्यापुढे येऊन बसली. मला लगेच कळलं की हे पाय तिचे नेहमीचे नाहीत. पायडल चार टाके चालायचं आणि थांबायचं. माझा आवाज, ज्यावर ती एरवी गुणगुणायची, तो तिच्या कपाळात घणासारखा बसत होता. सुईत दोरा ओवायला तिला पाच वेळा तो ओठांत ओला करावा लागे. मापं वहीत लिहिलेली असूनही ती पुन्हा पुन्हा वही उघडायची. आंघोळ केली तरी एवढी दमायची की ओल्या केसांनी माझ्या फळीवर डोकं टेकून डोळे मिटायची.

तिनं सांगितलं नाही असं नाही. आधी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, फोटो तर साफ आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. मग सासूला सांगितलं. अक्कम्मानं तिची दृष्ट काढली, टाळूवर एरंडेल थापलं, आणि या उन्हात सगळ्यांचंच डोकं जड होतं म्हणून विषय मिटवला. मग नणंदेला सांगितलं. पल्लवी हसली. वहिनी, तुम्ही तर दिवसभर बसूनच असता की, असं म्हणाली. जिचे शाळेचे ड्रेस मी शिवले तीच हे बोलली, म्हणून मला जास्त झोंबलं.  नेत्रावतीनं पुन्हा पायडलवर पाय ठेवले.

त्याच आठवड्यात तिनं एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या. दुसऱ्याचा गळा पाठीकडे कापला. अक्कम्मानं कापड उजेडात धरलं आणि तिचा आवाज चढला. आता ती कन्नडात शिरणार, एवढ्यात नेत्रावती खाली बघत म्हणाली, "मशीन बिघडलीय, अत्ते. टाकाच धरंना."

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण ते वाक्य माझ्या आरपार गेलं. गळा कात्रीनं कापला होता, मी नव्हता कापला. बाह्या तिनं उलट्या धरल्या होत्या. तीस वर्षांत माझा टाका सुटला नव्हता. हे तिच्याइतकं जगात कुणाला ठाऊक होतं? मला तोंड असतं तर मी ओसरीत ओरडले असते.

आणि चमत्कार बघा. सगळ्यांनी झटक्यात विश्वास ठेवला. कुणी फोटो मागितला नाही. अक्कम्माचा आवाज खाली आला. जुनी झाली बिचारी, जोर करू नको, कायमची बसेल, असं म्हणून तिनं स्वतः माझ्यावर धुतलेली चादर पांघरली. किरणकुमारनं हुमनाबादच्या मिस्त्रीला फोन लावला. नेत्रावतीनं तेवढ्यात माझ्या चाकाचा पट्टा काढला आणि ज्वारीच्या पिंपात लपवला. मग आत जाऊन झोपली. संध्याकाळपर्यंत कुणी तिला उठवलं नाही, कारण करायला काम नव्हतं.

चादरीखाली मी आठ दिवस काढले. येणाऱ्या बायका चादर उचलून बघत आणि च्-च् करत. एकीनं तर, असली धुडं घरात ठेवू नयेत, असंही सांगून टाकलं. मला एकच आशा होती, ती म्हणजे काशप्पा मिस्त्री. माझं एकूण एक चाक त्याच्या हाताखालून गेलेलं. तो आला की दूध का दूध होईल, असं मी घोकत होते.

काशप्पा आला. त्यानं मला उघडलं, तेल सोडलं, चाक फिरवलं, कान लावला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला कळलं. पट्टा कुठंय म्हणून त्यानं विचारलं. नेत्रावती उंबऱ्यात पदर डोळ्यांवर ओढून बसली होती. ती पुटपुटली, की तुटला म्हणून टाकला. त्यानं तिच्या हातात दोरा दिला आणि सुईत ओवायला सांगितलं. तिनं तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काशप्पानं दोरा हळूच काढून घेतला, माझं झाकण लावलं आणि अक्कम्माला सांगितलं,

"शटल गेलंय, अक्का. नवं यायला महिना लागंल. तंवर कुणी पायडल मारायचं न्हाई."

ज्याच्यावर भिस्त ठेवली होती तोच असा उलटला. खालचा दोरा धरणारं माझं शटल आरशासारखं होतं! त्या दिवशी माणूस नावाच्या जातीवरचा माझा विश्वास उडाला. ब्लाउजं हुमनाबादच्या शिंप्याकडे गेली आणि नेत्रावतीला महिना मिळाला.

त्या महिन्यात मी चादरीच्या फटीतून तिला पाहत राहिले. कधी ती सकाळी टवटवीत असायची, शेंगा फोडायला बसायची आणि दुपारी कुणी दोरी कापावी तशी गळून पडायची. कधी चुलीपुढे उभी राहून, आपण कशाला आलो ते आठवत राहायची. पण हळूहळू ती स्वतःला सांभाळायला शिकली. लग्नघरची गडबड वाढली की उठून अंधाऱ्या खोलीत जायची. आणि दुपारी अक्कम्मा पल्लवीला घेऊन शेजारी गेली की पिंपातून पट्टा काढून मला चढवायची.

थकायच्या आधी थांबा, असं डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं. पण ती वेळ ओळखायची कशी? तिनं आपल्या धंद्यातलंच माप काढलं. खालच्या दोऱ्याची छोटी बॉबीन अर्धी भरायची, चिंध्यांवर सरळ शिलाई मारायची, आणि दोरा संपला की उठायचं. कितीही बरं वाटत असलं तरी उठायचं. दुसऱ्या आठवड्यात पाऊण बॉबीन झाली. एकदा हौसेनं तिनं दोन भरल्या, तर पुढचे दोन दिवस तिला मान वर करता आली नाही. मग पुन्हा अर्धी. मी रोज दुपारी मुकाट्यानं चालत होते. आणि रोज संध्याकाळी कुणी विचारलं की ती सांगायची, मशीन अजून बंदच आहे. दुपारी माझा आधार घ्यायचा आणि संध्याकाळी मलाच निकामी ठरवायचं, याचा मला फार राग येत होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

पल्लवीचं लग्न पार पडलं. शटल काही आलं नाही, कारण ते कुणी मागवलंच नव्हतं. एका सकाळी किरणकुमार भंगारवाल्याला घेऊन आला. बायकोला आता मोटारीची नवी मशीन आणू, म्हणजे तिला थकायला नको, असं त्यानं ठरवलं होतं. त्याच्या मनात चांगलंच होतं. त्यानं पाना लावला आणि मला फळीपासून सोडवायला सुरुवात केली. पहिला स्क्रू निघाला. दुसरा ढिला झाला. नेत्रावती दारात उभी होती आणि मी तिच्याकडे बघत होते. ती गप्प राहिली असती तर मी त्या गाड्यावर चढले असते, आणि तिचं गुपित कायमचं झाकलं गेलं असतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मशीनला काय बी झालं न्हाई. कवाच न्हाई झालं. माझं डोकंच चालत नव्हतं. मला झोप पायजे हुती."

किरणकुमारच्या हातातला पाना तसाच राहिला. अक्कम्मा देवघरातून बाहेर आली. मला वाटलं, आता कन्नड सुरू होणार. पण ती मराठीतच आणि हळू बोलली.

"मंग आमाला सांगायचं न्हाई व्हय, पोरी? लपवलंस कामून?"

"सांगितलं हुतं, अत्ते," नेत्रावती म्हणाली. "तुमाला सांगितलं, ह्यांना सांगितलं, पल्लवीला सांगितलं. मशीनचं तेवढं तुम्ही ऐकलंत."

 भंगारवाला गाडा ढकलत निघून गेला. किरणकुमारनं दोन्ही स्क्रू पुन्हा बसवून आवळले. अक्कम्मानं माझ्यावरची चादर उचलली, घडी केली आणि नेत्रावतीच्या अंथरुणावर नेऊन ठेवली.

आता नेत्रावती दिवसाला तीन बॉबिनी शिवते. काही दिवस एकही नाही. तिनं माझी माफी मागितली नाही. कुणी मशीनची माफी मागतं का? पण मला खरं सांगावंसं वाटतं, की घरच्यांनी तिला जेवढं दुखवलं त्यापेक्षा तिनं मला कमीच दुखवलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल घाला, धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणी म्हणालं, मी दमलोय, माझं डोकं जड झालंय, तर जखम शोधू नका, फोटो मागू नका. पहिल्याच खेपेला ऐका. त्यांना चार घटका पडायला मिळावं म्हणून माझ्यासारख्या मुक्या वस्तूवर आळ घ्यायची पाळी कुणावर आणू नका.