कबरीचा परळ

मी कबरी मांजरीचा परळ बोलतोय. मातीचा, बशीसारखा उथळ, एका अंगाला कललेला, काठाचा टवका उडालेला. माझी गोष्ट सांगायची तर आधी शेवंतीचा नेम सांगायला हवा. तो नेम नसता तर मला कुणी वाजवलंच नसतं.

कल्याणात आगगाडी येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. शेवंतीचं पहिलं मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा आषाढी एकादशीला तिनं देवापुढे पळीभर पाणी सोडलं आणि चातुर्मासाचे दोन नेम धरले. पहिला घास मुक्या जिवाला द्यायचा, आणि जेवायचं ते मौनानं. पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. "एवढं बाळ माझ्या पदरात राहू दे," ती म्हणाली, "आणि नेम मोडला तर मला मागायला तोंड नाही."

मला गुणाजी कुंभारानं घडवलं ते मडक्यावरचं झाकण म्हणून. पण भट्टीत मी कललो आणि कुठल्याच मडक्यावर नीट बसेना. शेवंतीच्या सासूनं, विमलाबाईंनी, मला मागच्या पडवीत मांजरांसाठी टाकून दिलं.

घरात मांजरं हवीच होती. शेवंतीचा नवरा विश्राम, त्याची भाताची वखार घराला लागूनच, आणि जिथं भात तिथं उंदीर. मांजरं दोन. कबरी ही आई आणि गुंड्या हा तिचा बोका. दोघांचे स्वभाव दोन टोकांना. कबरी मानी. कुणी बघत असलं की खायची नाही. फार प्रसन्न झाली तर मेलेला उंदीर आणून माझ्या शेजारी ठेवायची, जणू खाल्ल्या घासाची परतफेड. गुंड्याला मान वगैरे काही नव्हता. त्याचं सगळं लक्ष शिंक्याकडे.

नेम तर धरला, पण तोंड बंद ठेवून मांजराला बोलवायचं कसं? शेवंतीनं त्यावर मला शोधून काढलं. पानावर बसली की पहिला घास माझ्यात ठेवायची आणि बोटातल्या चांदीच्या वेढ्यानं माझ्या काठावर तीन टिचक्या मारायची. मग मान वळवून आपल्या पानाकडे बघायची. पहिले आठ दिवस कबरी उंबऱ्यापर्यंत येऊन परत जायची. शेवंतीनं कधी घाई केली नाही, कधी हात पुढे केला नाही. मांजर जवळ आलं की तळवा जमिनीवर टेकायचा, म्हणजे बस. नवव्या दिवशी कबरी बसली. श्रावण सरता सरता तिसरी टिचकी पडायच्या आत ती माझ्यासमोर शेपूट पायांभोवती गुंडाळून बसू लागली.

गुंड्यालाही शिकवून बघितलं. तो पहिल्या टिचकीच्या आधीच माझ्यात तोंड घालायचा.

"तू त्याला शिकवतेस का तो तुला?" विमलाबाई हसून म्हणायच्या. सुनेला बोलता येत नाही अशा वेळी बोलायची त्यांना फार हौस.

भाद्रपदात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. खिरीचं दूध शिंक्यावर टांगलं होतं. मी पडवीतून सगळं पाहत होतो. गुंड्या कणगीवर चढला, तिथून उडी मारून शिंक्यावर लोंबकळला. दूध कलंडलं, त्यातलं निम्मं त्यानं चाटलं आणि खिडकीतून पसार झाला. सांडलेल्या थेंबांचा वास घेत कबरी तिथं आली, तेवढ्यात विमलाबाई आत आल्या.

दारात ब्राह्मण बसलेले, आणि पितरांचं दूध मांजरानं उष्टावलेलं. शेजाऱ्यांकडून दूध मागून आणून कशीबशी खीर झाली. वर्षातून एकदा नवऱ्याच्या नावानं वाढायचं पान, ते असं व्हावं, हे विमलाबाईंना सोसलं नाही.

सगळ्यांची जेवणं होऊन तिसऱ्या प्रहरी शेवंती पानावर बसली. तिनं माझ्यात घास ठेवला, तोच विमलाबाईंनी मला उचललं.

"आज मी बोलावते तिला."

त्यांनी पडवीत नेऊन मला खाली ठेवलं आणि पळीनं तीन ठोके दिले. कबरी आली. रोजच्यासारखी शेपूट गुंडाळून बसली. वरून पोतं पडलं.

शीळ गावाकडचं त्यांचं कूळ, महिपत, श्राद्धाला केळीची पानं घेऊन आला होता. त्याची बैलगाडी निघायच्या बेतात होती. "हिला लांब सोड," विमलाबाई म्हणाल्या. "घरची वाट सापडता कामा नये."

आत शेवंतीचे ओठ उघडले. डावा हात 'नको, नको' म्हणून हलला. मग तोच हात पोटावर गेला आणि ओठ मिटले.

"तू जेव," विमलाबाई म्हणाल्या. "दोन जिवांची आहेस."

ती जेवली. हात धुवून पडवीत आली तेव्हा गाडी दिसेनाशी झाली होती. माझ्यातला घास तसाच होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"आत्याबाई, दूध गुंड्यानं प्यायलं," ती म्हणाली. "खिडकीतून पळताना मी पाहिला. त्याच्या मिशांना अजून साय आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"सकाळी तुमच्यापुढे धीर झाला नाही. आत्ता पानावर होते."

पदराला चिकटलेले कबरीचे केस विमलाबाई बराच वेळ उगाच झटकत राहिल्या.

तीन दिवसांनी महिपत भाजी घेऊन आला. "वयनी, तुमची मांजर फाट्यावरच्या वडाखाली हाय. भाकर टाकली तं तोंड फिरवतं. मोठ्या घरची रीत दिसतं."

शेवंतीनं मला फडक्यात बांधलं आणि ती त्याच्या गाडीत बसली. पाचवा महिना, गाडीचे धक्के. विमलाबाई आधी ओरडल्या, मग स्वतःच गाडीत चढून बसल्या. "मांजरासाठी वेशीबाहेर जाणारी सून मी पहिलीच बघते," त्या म्हणाल्या, "आणि तिच्यामागनं जाणारी सासूही."

शिळेच्या फाट्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. शेवंतीनं वडाखाली शिदोरी सोडली, माझ्यात पहिला घास ठेवला आणि तीन टिचक्या मारल्या. शेताच्या बांधावर कबरी उठली. सवयीनं एक पाऊल पुढे आली. तिसऱ्या टिचकीला मात्र तिचे कान मागे पडले आणि ती गवतात शिरली. शेवंतीनं पुन्हा वाजवलं. गवत आणखी लांब हललं.

मी फक्त माती. पण मला जर कुठे तडा गेला असेल, तर तो तेव्हा. जेवायला बोलावणारा माझा आवाज होता, आणि त्याच आवाजानं तिला पोत्यात घातलं होतं.

"राहू दे गं," विमलाबाई हळू म्हणाल्या. "नेम आहे तुझा. बोलू नकोस."

शेवंती माझ्यातल्या घासाकडे बघत राहिली. मग पानावर बसल्या बसल्या, पोटावर हात ठेवून, ती बोलली.

"कबरे, ये गं. चुकलं आमचं. ये बाई."

पुष्कळ वेळ गेला. मग कबरी आली. हातभर लांब बसली, घास खाल्ला, आणि गाडी जुंपल्यावर आपण होऊन चढून अगदी मागच्या टोकाला बसली.

पुढचे महिने त्या घरानं भीत भीत काढले. शेवंती बोलून दाखवायची नाही. विमलाबाई रोज दिवा लावताना पुटपुटायच्या, "नेम मोडला तो माझ्यापायी. काय घ्यायचं ते माझं घे." माघात मुलगी झाली. शालू. तिचा सव्वा महिना पुरा झाला त्या दिवशी दोघी सासवासुना देवापुढे बसून रडल्या आणि मग माझ्यात दूधभात कालवला.

कबरी त्यानंतर आठ वर्षं जगली, पण माझ्या टिचकीला कधीच आली नाही. तिला तोंडानं हाक मारावी लागे. शालूचा पहिला बोल तोच होता, "कब्बे, ये." कबरी गेली तेव्हा तिला तुळशीमागे पुरलं. गुंड्या म्हातारा झाला, तरी शिंक्याकडे बघतोच.

मी आता तुळशीपाशी असतो. तडा वाढलाय, पाणी फार वेळ टिकत नाही, पण चिमण्यांपुरतं पुरतं. शेवंती अजूनही चातुर्मासात नेम धरते. आता तो मौनाचा नसतो. पानावर बसण्याआधी ती घरातल्या प्रत्येकाला, माणसाला नि मांजराला, नावानं हाक मारते आणि मगच घास उचलते.

तुम्हीही उपास कराल, नेम धराल, जरूर धरा. त्याबरोबर एवढं माझ्यासाठी करा. जेवायला बसण्याआधी, तुमच्या दाराशी जो जीव वाट बघत असेल त्याला तोंडानं हाक मारा. आणि ज्या हाकेनं त्याला घासाला बोलावलंत, त्या हाकेनं त्याला कधी धरू नका.