जहाजाचा रंग

भुपेंद्र विशाखापट्टणमला जहाजं रंगवायच्या कामावर होता. बहिणीच्या लग्नाला कारध्याला आला, तेव्हा त्याने वैनगंगेत मासेमारी करणाऱ्या तेजराममामासाठी लाल रंगाचा मोठा डबा आणला.

"हा लावला का डोंग्याच्या बुडाले शेवाळ धरत नाही, मामा."

दर उन्हाळ्यात डोंगा, म्हणजे आपली लहान नाव, पालथी घालून खरवडताना तेजरामचे खांदे भरून यायचे. त्याने खुशीने दोन हात मारले आणि उरलेला रंग शेजारच्या मालनबाईच्या नवऱ्याला त्याच्या डोंग्यासाठी दिला.

चैत्रात वैनगंगा आटली. उरलेल्या डोहात दोन्ही डोंगे उभे राहिले. तेजरामची बायको कुंताबाई भंडाऱ्याच्या बाजारासाठी झिंगे, म्हणजे नदीतली कोळंबी, जाळीत जिवंत ठेवायची, ती जाळी डोंग्यालाच बांधलेली असे. आधी दगडांवरच्या गोगलगायी नाहीशा झाल्या. मग झिंगे मरायला लागले.

"वरून कोण्या कारखान्यानं पाणी सोडलं असन," तेजराम म्हणाला, आणि मच्छीमार संस्थेच्या लोकांना घेऊन सरकारी कचेरीत भांडून आला.

कुंताबाईने जाळी वरच्या डोहात नेऊन बांधली, जिथे डोंगे नव्हते. तिथले झिंगे जगले. तिने भुपेंद्रला फोन लावला.

"मामी, त्या रंगात जहरच असते," तो म्हणाला. "म्हणून त काही चिकटत नाही. आमी हातमोजे घालूनच लावतो. बंदरातले शिंपलेबी मरतेत."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"मले वाटलं, एवढ्याशा डोंग्यानं काय होते."

तेजरामने डोंगा ओढून काठावर घेतला आणि खरवडायला पातं उचललं. कुंताबाईने त्याचा हात धरला. "खरवडून कुठी टाकसान? पावसाच्या पाण्यासंगं नदीतच जाईन."

डोंगा तसाच पालथा पडून राहिला. कुंताबाई मालनबाईकडे गेली, सगळं सांगितलं. मालनबाईने ऐकून घेतलं.

"तुमचा डोंगा बसला, म्हणून आता आमचाबी बसवता काय?" ती म्हणाली. "कचेरीत त तुया नवराच कारखान्याचं नाव घेऊन आला."

कुंताबाई उठून घरी आली.

घरी बसून भागणार नव्हतं. आठवड्याभराने तेजराम मालनबाईच्या नवऱ्यासोबत वाट्याने मासेमारीला जाऊ लागला, त्याच लाल बुडाच्या डोंग्यात. संध्याकाळी घरी आला की तो हात घासून घासून धुवायचा. आज काय मिळालं, हे कुंताबाईने विचारायचं सोडून दिलं.