दीड फूट सरकलेले कुंपण

मित्रांनो, कुंपणाने जागचे हलायचे नसते. मी मात्र म्हातारपणी दीड फूट हलले, आणि त्यात एका भल्या माणसाची अब्रू पणाला लागली होती.

मी तारेच्या जाळीचे एक जुने कुंपण आहे. कारखान्यातल्या यंत्राने मला विणले आणि घट्ट गुंडाळून ठेवले. गुंडाळी होऊन पडून राहायची खोड मला तिथेच लागली.

मला विकत घेतले ते एका मोजणीदाराने. जमिनी मोजणे ही त्यांची नोकरी. हमरीतुमरीवर आलेले शेजारी त्यांचा टेप पाहून गप्प बसत. सचोटी तर इतकी, की ऑफिसचा टेप घरकामाला वापरणे त्यांना पाप वाटे. म्हणून माझी जागा त्यांनी कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीने मोजली. लेकीच्या फूटपट्टीने मापे घेऊन दोरीला गाठी मारल्या आणि दातओठ खाऊन ती ओढली. नायलॉनच ते, मुकाट्याने ताणले गेले. मला तेव्हाच शंका आली होती, पण कुंपणाला विचारतो कोण?

सोळा वर्षे मी इमानाने उभे राहिले. चेंडू अडवले, उडालेले टॉवेल झेलले. "मोजणीदाराचं कुंपण ते, केसभर इकडेतिकडे नसेल," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. पुढे बुडाशी गंज चढला, अंगावर पायपुसणी वाळू लागली. तरी ते कौतुक आठवून मी दिवस काढत होते.

मग मोजणीदार निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना पोलादी टेप मिळाला, अगदी स्वतःचा! त्यांनी पलंग मोजला, फ्रिज मोजला, दुपारी डुलकी घेणारी बायको मोजली. शेवटी अंगण मोजले आणि पुन्हा पुन्हा मोजत राहिले. मी शेजारच्या वहिनींच्या जागेत दीड फूट शिरले होते.

"जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या आणि घरी दीड फूट गिळून बसलो! आता वहिनींना तोंड कसं दाखवू?"

"सरळ सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"छे! त्या बहिणीकडे गेल्यात, तोवर गुपचूप सरकवतो."

जाळी सोडताना तिचे टोक कुणीतरी धरायचे असते. पण गुपित राखायचे, म्हणून हे एकटेच पक्कड घेऊन आले. एका टोकापासून तारा भराभर सोडत गेले, आणि मला माझी जुनी खोड आठवली. मी सर्रकन गुंडाळले गेले, तेही मोजणीदारांसकट. वर त्यांचे डोके आणि खाली चपला, एवढेच दिसत होते.

नेमक्या तेव्हाच वहिनी बॅग घेऊन फाटकात उभ्या.

"भाऊजी, हे काय हो?"

पळायची सोय नव्हती. मोजणीदारांनी रडवेल्या आवाजात दोरीपासून सगळे कबूल केले. मला फार वाईट वाटले. वहिनी मात्र पोट धरधरून हसायला लागल्या.

"अहो, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! माझं लिंबाचं रोप तुमच्या बाजूला गेलं, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही त्याला रोज पाणी घालायला लागलात. मला त्याचा भारी कंटाळा. आणि फांद्या माझ्याकडे झुकल्या, लिंबं आयती मिळत होती. कशाला बोलू?"

हसणे ऐकून बायको धावत आली आणि दोघींनी मिळून त्यांना माझ्यातून बाहेर ओढले. मोजणीदारांनी मात्र हट्टाने टेप लावून मला खऱ्या हद्दीवर उभे केले. गंज खरवडला, रंगही दिला.

दुसऱ्या सकाळी ते सवयीने नळी घेऊन आले आणि थबकले. झाड आता पलीकडे होते. पाणी त्यांच्या पायांवर सांडत राहिले. इतके केविलवाणे ते गुंडाळीतसुद्धा दिसले नव्हते.

"भाऊजी, आज लिंबाला पाणी नाही का?" पलीकडून हाक आली.

त्यांनी घाईघाईने नळीचे तोंड माझ्या जाळीतून पलीकडे सारले.

म्हणून सांगते मित्रांनो, आपल्या कुंपणाला वेळच्या वेळी रंग द्या, गंज चढू देऊ नका. फक्त त्याला आतून पत्रा ठोकू नका. पलीकडच्या झाडाला पाणी घालायचे असते.