हातची राखलेली चाल

आमच्या घराण्यात एक चाल अशी होती, की ती बापानं लेकाला हार्पच्या तारा पिळायची किल्ली सोपवतानाच शिकवायची. आधी नाही. किल्ली दिली की बापानं हार्पला पुन्हा हात लावायचा नाही, असा रिवाज. मेरियोनेथ परगण्याच्या डोंगरात पाच पिढ्या तसंच चाललं. बाबांना लेक झाला नाही, मी झाले. म्हणून किल्ली मला मिळणार होती. कधी, ते त्यांच्या मर्जीवर.

अठ्ठावीस वर्षांची झाले तरी मर्जी होईना. आमच्या हार्पला तारांच्या तीन रांगा. मधली तार छेडायला बाहेरच्या तारांमधून बोट आत घालावं लागतं, ते मी सातव्या वर्षी शिकले. हार्प टेकून टेकून डाव्या खांद्याला घट्टा पडला. दोनशेवर चाली बोटांत होत्या. कागदावर एकही नाही, कारण बाबांच्या मते चाल लिहून ठेवणं म्हणजे कोंबडी विकून तिचं चित्र घरी आणणं.

"बाबा, द्या ना ती आता," मी म्हणायचे.

"एवढी घाई? मला पुरायला निघालीस काय?"

"सगळं खोरं चॅपेलच्या कडक धर्माला लागलंय. लग्नातसुद्धा हार्प म्हणजे पाप. कोण विचारतंय तुमच्या चालीला?"

"म्हणूनच. कुणी विचारत नाही, तर निदान महाग तरी राहू दे."

झाकली मूठ त्यांनी अशी सांभाळली. ऑक्टोबरात मेंढवाड्यापाशी ते कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा वाचा गेली होती, दोन्ही हात गेले होते. मान तेवढी हलायची.

मला आधी राग आला, रडू नंतर. खरं तेच सांगते.

हार्प ओढत त्यांच्या पलंगाशी आणली. "मी तार छेडते. चालीतली असेल तर मान डोलवा, नसेल तर नकार द्या." पहिला सूर सापडायला अख्खी सकाळ गेली. नकार, नकार, नकार, आणि मग एकदाची मान खाली झाली. मी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी तीन सूर मिळाले.

शेजारच्या मार्गेडकाकू रोज ताक घेऊन यायच्या. चॅपेलच्या पहिल्या बाकावरच्या बाई.

"किल्ली न घेता चाल घेतेस होय गं लाउरी? म्हातारा उठला तर बदडेल."

"उठू देत की. बदडू देत."

"आणि चॅपेलात कळलं म्हणजे?"

"तुम्ही सांगणार?"

"मी कुठं ऐकतेय? मी ताक ठेवायला आलेय," असं म्हणून त्या दुपारपर्यंत बसायच्या.

तीन आठवड्यांत चालीचा पूर्वार्ध उभा राहिला. मोठी विचित्र चाल, कुठूनही कुठेही उडी मारणारी. जुन्या लोकांचं काहीतरी वेगळंच असेल, अशी मी समजूत घातली. नंतर नंतर तर सूर भराभर मिळू लागले, नकार जवळजवळ येईचना. माझी बोटं तयार झाली म्हणून मी खूश होते.

एका सकाळी बोट घसरलं आणि भलतीच तार वाजली. बाबांनी मान डोलावली.

मी थांबले. कालचा तुकडा उलटा वाजवला. मान डोलली. डोळे मिटून हाताला येतील त्या तारा ओढल्या, कर्कश, कशाही. डोळे उघडले तर बाबा माझ्याकडेच बघत होते, लहानपणी हार्पशी बसवताना बघायचे तसे मायेनं, आणि मान डोलावत होते. त्यांना चाल आठवत नव्हती. मी जवळ बसलेय, एवढंच त्यांना पुरत होतं.

कुठल्या दिवसापासून हे असं, ते कळायला मार्ग नव्हता. कदाचित गेल्या आठवड्यापासून. कदाचित टाळ्या पिटल्या त्या दिवसापासून. तीन आठवड्यांच्या सुरांतले खरे किती, हे आता जगात कुणीच सांगू शकणार नव्हतं.

काकू दारात आल्या. "मघाशी भराभर वाजत होतं. सापडली का गं?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"सापडली, काकू," मी म्हणाले. "अख्खी सापडली."

बाबांनी मान डोलावली.