तीन लुकलुकते ठिपके

फाल्गुनाचं ऊन अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून उतरत होतं; हळदओलं, मंदपावली. पळस ज्वलंत, सावल्या शीतल. त्या उन्हातून एक रिक्षा दवाखान्याकडे निघाली होती. रिक्षात सुनेत्रा, तिच्या मांडीवर वेताची टोपली, टोपलीत तिची मांजर दुर्वा. धवलरोमा, ताम्रनेत्रा, गाभण; अडतिसावा दिवस.

सुनेत्रा पर्शियन मांजरांची पैदास करी. दुर्वाची दोन वेतं तिच्याच हातांवर झाली होती. आंधळी, ओली, गुलाबी पिल्लं तिनं पुसून आईच्या कुशीत लावली होती. या खेपेस, दोन आठवड्यांपूर्वी, सोनोग्राफीच्या करड्या अंधारात तिनं तीन ठिपके पाहिले होते. लुकलुकणारे, लगबगणारे, तीन हृदयं.

आज पडदा नुसता करडा होता.

डॉक्टर निगार मोमीन यांनी यंत्र पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबवलं. मग म्हणाल्या, "ताई, पिल्लं नाहीत आता."

"रक्त नाही, काही नाही. मग गेली कुठे?"

"कुठेच नाही. तिच्याच अंगात विरघळली. होतं असं कधी कधी. कारण दर वेळी सापडत नाही."

विरघळली. साखरेचा शब्द, सायीचा शब्द. सुनेत्राला तो दुःखासाठी वापरता येईना. खाणं बदललं होतं का? शेजारच्या लग्नातले फटाके बाधले का? प्रत्येक प्रश्न धुक्यात शिरे आणि रिकामाच परते.

घरी नवऱ्यानं, विद्याधरनं, दार उघडलं. तिचा चेहरा पाहून त्यानं चहाचं आधण ठेवलं.

गेली म्हणावं, तर आली कुठे होती? नव्हती म्हणावं, तर पाहिली होती. पुरायला देह नाही, हाक मारायला नाव नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी रडू कुणासाठी?"

कप तिच्या हाती देऊन तो शेजारी बसून राहिला.

दुर्वा मात्र पोटभर जेवली, निजली, आणि दिवस कलता खिडकीच्या उंच कट्ट्यावर झेपावली. पंधरा दिवस सुनेत्रा तिला उड्या मारू देत नव्हती. सवयीनं हात पुढे झाला, अर्ध्यावरच थबकला. आता जपायचं काय, हे त्या हातालाच उमगेना.

बाहेर पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. दुर्वा कट्ट्यावर कलंडली. तिच्या शुभ्र पोटावर संध्याकाळ पसरली. केशरी, मग जांभळी, मग राखी. आणि सुनेत्रा पाहत राहिली, श्वासागणिक वर येणारं, श्वासागणिक खाली जाणारं, भरलेलं की रितं न कळणारं ते पोट.